अकरा वीसचा निरोप

१

खात्यात तिला सगळे आकडाबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. तिलाही त्याची गंमत वाटायची, कारण आकडाबाईंचा आकडा चुकला असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

काम ऐकायला भारी आणि करायला कंटाळवाणं. भूकंप झाला की बातम्यांत एक आकडा येतो, तो भूकंपाचा. पण तुमच्या घराला किती हादरा बसणार, तो आकडा निराळा. तो तुमच्या पायाखालच्या जमिनीवर ठरतो. पाटावर उडी मारा नाहीतर गादीवर मारा, उडी तीच, हलणं वेगळं. खाली खडक असेल तर घर जेमतेम कुरकुरतं, भराव असेल तर तेच घर गदागदा हलतं. आकडाबाई गल्लीबोळांतून हिंडून हे आधीच सांगून ठेवायची. इथं जास्तीत जास्त पाच, तिथं सात, आणि त्या पलीकडच्या मैदानावर कृपा करून शाळा बांधू नका. पाच म्हणजे भांडी वाजतात, झोपलेला माणूस उठून बसतो. आठ म्हणजे कपाटं आडवी होतात, भिंतींना तडे जातात, पायावर उभं राहता येत नाही. आठच्या पुढचं ती चहाच्या वेळी बोलत नसे.

त्या शहराला बारीकसारीक धक्के नवे नव्हते. धक्का बसला की खातं घरोघर फॉर्म वाटायचं आणि लोक सांगतील त्यावरून आकडाबाई आपला अंदाज पडताळून पाहायची. फॉर्म साधा. धक्का किती वाजता बसला? तुम्ही कुठं होता, घरात की बाहेर? घरात किती माणसं होती? काय हललं, काय पडलं, दार उघडलं का, जिना कसा आहे? माहिती स्वतः पाहिलेली की दुसऱ्यानं सांगितलेली? आणि सगळ्यात खाली एक मोकळा रकाना, ‘इतर काही सांगायचे असल्यास’.

काही घरी ती स्वतः जायची. थरथरणाऱ्या बायका, पांढरेफटक पडलेले पुरुष तिनं खूप पाहिले होते. नव्या लोकांना ती बजावून सांगे, “घाबरलेल्या माणसाला धीर देत बसू नका. प्रश्न विचारा. एकेक. उत्तरं देता देता माणूस आपोआप ताळ्यावर येतो.”

आणि एक नियम तिचा स्वतःचा होता. फॉर्मातलं एक उत्तर दुसऱ्याशी भांडायला लागलं की अख्खा फॉर्म बाद. लाल पेन्सिलीची फुली, आणि खालच्या खणात रवानगी.

त्या गुरुवारी संध्याकाळी छोटासा धक्का बसला. शनिवारी फॉर्म आले. एका गल्लीतून अठरा आले, त्यांतले सतरा एका सुरात चार म्हणत होते. अठराव्यात घड्याळ पडलं होतं, कपाट आडवं झालं होतं, भिंतीला तडे होते आणि उभं राहणं अशक्य होतं. म्हणजे सरळसरळ आठ.

“कोण हा शहाणा?” म्हणत तिनं वरचं नाव वाचलं. नाव तिच्या आईचं होतं.

२

आईचं घर तिनंच निवडलेलं. बाबा गेल्यावर आईला कुठं ठेवायचं हा प्रश्न आला, तेव्हा भावानं बागेजवळची जागा सुचवली, मावशीनं दवाखान्याजवळची. आकडाबाईनं दोघांनाही गप्प केलं. शेजारच्या प्लॉटवर खोदलं होतं तेव्हाचे कागद तिनं पाहिले होते. तीन मीटरवर खडक. “या गल्लीत जग बुडालं तरी पाचाच्या वर जायचं नाही,” ती म्हणाली होती, आणि आई मुकाट्यानं तीन मजले चढून वरच्या घरात राहायला आली होती. त्याच्यावर फक्त गच्ची.

रविवारी दुपारी ती फॉर्म घेऊनच गेली. दार उघडल्या उघडल्या उजव्या हाताला लोखंडी कपाट, पुढं खोली, समोरच्या भिंतीवर गोल घड्याळ, खोलीच्या मधोमध छताला लांब दोरीचा दिवा. सगळं जिथल्या तिथं. कपाटावर धूळसुद्धा जुनी होती.

“आई, हे काय लिहिलंयस?”

“दिसतंय की. अक्षर वाईट आलंय का?”

आईचं अक्षर वाईट येणं शक्यच नव्हतं. ती तीस वर्षं टेलिफोन खात्यात होती. लोकांचे निरोप ऐकायचे आणि उतरवून घ्यायचे. कुणाला मुलगा झाला, कुणी गेलं, कुणी ताबडतोब निघून ये म्हणतंय. ऐकलं ते आणि तेवढंच लिहायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही, याचा तिला कोण अभिमान!

“कपाट पडलं म्हणतेस. हे बघ, उभं आहे!”

“उभं आहे खरं,” आईनं मान डोलावली. तिलाही जरा नवल वाटल्यासारखं दिसलं.

“धक्का गुरुवारी संध्याकाळी बसला. तू लिहिलंयस मंगळवार, सकाळी अकरा वीस. आणि हा तर कळसच आहे. ‘तुम्ही कुठं होता?’ तर म्हणे बाहेर! बाहेर होतीस तर आत कपाट पडलेलं तुला दिसलं कसं?”

“खाली खूण केलीय ना? दुसऱ्यानं सांगितलं म्हणून.”

“कुणी सांगितलं?”

“आता चहा टाकू की उलटतपासणीच करणार आहेस?”

आकडाबाईला हसू आलं. आई अशी निसटायची तेव्हा बाबासुद्धा हात टेकायचे. चहा होईतो तिनं समोरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग मनगटाकडं. मनगटावरचं तिचं घड्याळ जमिनीची थरथर टिपणाऱ्या कामाच्या पेटीशी सेकंदा-सेकंदानं जुळवलेलं असायचं. आईचं घड्याळ अकरा मिनिटं मागं होतं.

“हे अजून दुरुस्त केलं नाहीस?”

“असू दे गं. मला कुठं गाडी गाठायचीय? मी त्याच्या वेळानं चालते, ते माझ्या.”

निघताना तिनं फॉर्मावर लाल फुली मारली. बाहेर असलेला माणूस आतलं सांगतो म्हणजे उत्तरं भांडली. विषय संपला. मोकळ्या रकान्यात आईनं तीनच शब्द लिहिले होते, ‘निरोप अर्धा राहिला’. टेलिफोन खात्यात लाइन तुटली की असा शेरा मारायची पद्धत होती, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. जिना उतरताना ती ते शब्द पाठ म्हणत राहिली नाही, एवढंच. बाकी ते शब्द तिच्या डोक्यातून काही गेले नाहीत.

३

तिनं स्वतःची समजूत घातली ती अशी, की आईचं वय झालं. हे मान्य करणं जड गेलं, पण निदान त्याला कारण होतं, आणि कारण असलेली कुठलीही गोष्ट तिला चालायची. ती आईला डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आई दोनपर्यंत न अडखळता उतरली आणि म्हणाली, “आता तुम्ही करून दाखवा.” डॉक्टर हसले, म्हणाले, यांना काही झालेलं नाही, उलट माझीच तपासणी करायला हवी.

पुढच्या शनिवारी सकाळी आणखी एक धक्का बसला. आधीच्यापेक्षाही किरकोळ. सोमवारी फॉर्म आले, आणि आकडाबाईनं आईचा फॉर्म आधी शोधला. मंगळवार, सकाळी अकरा वीस. बाहेर. घरात माणसं, एक. घड्याळ पडलं. कपाट पडलं. दार उघडत नाही. भिंतीला तडे. उभं राहता येत नाही. जिना, सांगता येत नाही. माहिती दुसऱ्यानं सांगितलेली. निरोप अर्धा राहिला.

खालच्या खणातून तिनं पहिला फॉर्म काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. शब्दाला शब्द तोच. ‘पडलं’वरचा अनुस्वारसुद्धा त्याच ठिकाणी जरा लांब गेलेला.

शेजारच्या टेबलावर नकाशेवाला बसायचा. आकडाबाईच्या आकड्यांना रंग देणं हे त्याचं काम. त्यानं मान लांबवून पाहिलं. “आईसाहेब आपल्याला गंडवतायत,” तो म्हणाला. “लेक भेटायला येत नाही म्हणून युक्ती केलीय. दोन फॉर्म, दोन भेटी. हिशेब बरोबर आहे.”

हे तिला पटलं. अगदी मनापासून पटलं, आणि थोडी लाजही वाटली. त्याच संध्याकाळी ती आईकडं गेली, या वेळी न रागावता. आईचा हात हातात घेऊन म्हणाली, “आई, मला खरं सांग. मी रागावणार नाही. हे सगळं तुला कुणी सांगितलं?”

“फोन आला होता.”

“कुणाचा?”

“बाई होती कुणीतरी. लाइन फार खराब होती, खरखर नुसती. थांबून थांबून बोलत होती बिचारी. घाबरलेली असणार, पण आवाज ठाम ठेवला होता. मग तू सांगतेस तसं केलं. फॉर्म पुढ्यात घेतला आणि एकेक प्रश्न विचारत गेले. ती सांगत गेली, मी उतरवत गेले.”

“आणि तू बाहेर होतीस हेही तिनंच सांगितलं?”

“हो ना! मी म्हटलं, मी कुठं होते म्हणून लिहू? तर म्हणाली, बाहेरवर खूण कर.” आईनं खांदे उडवले. “निरोप तो निरोप. मी कशाला बदलू?”

आकडाबाईनं आईचा फोन घेतला आणि आलेले कॉल वर-खाली करून पाहिले. भाऊ, मावशी, दवाखाना, ती स्वतः. दोन्ही फॉर्मांच्या दिवशी दुसऱ्या कुणाचाही फोन आलेला नव्हता. तिनं फोन परत दिला. आईच्या डोळ्यांत कावा नव्हता, गोंधळ नव्हता, आणि हेच तिला आवडलं नाही.

४

तिच्याकडं शेवटचा उपाय होता तो पेटीचा. पेटी हे तसं भलतंच नाव, पण खात्यात तेच रूढ. तीन ठेंगण्या पायांची, पाण्याच्या तांब्याएवढी. जमीन सदा सर्वकाळ इतकी बारीक थरथरत असते की माणसाला कळत नाही, पेटीला कळतं. अर्धा तास जमिनीवर ठेवा, त्या थरथरीवरून ती जागा मोठ्या धक्क्यात किती हलेल हे काढता येतं. अटी दोनच. त्या अर्ध्या तासात कुणी हलायचं नाही आणि दार बंद हवं, कारण वाऱ्याची झुळूकसुद्धा रेघा बिघडवते. दार बंद करायची तिला इतकी सवय होती की स्वतःच्या घरातही ती शिरल्या शिरल्या पाठीमागं हात टाकून दार लोटायची.

रविवारी तिनं पेटी आईच्या खोलीत, दिव्याच्या बरोबर खाली ठेवली. दोघी पलंगावर मांडी घालून बसल्या. आई डोळे मिटून, आकडाबाई मनगटाकडं पाहत. अर्ध्या तासात आई एकदा खोकलीसुद्धा नाही. तीस वर्षांच्या नोकरीत तिला दुसरं काही आलं नसेल, पण ऐकत स्वस्थ बसणं आलं होतं.

सोमवारी खात्यात तिनं रेघा उघडल्या. पहिली सव्वीस मिनिटं आरशासारखी स्वच्छ. सत्ताविसाव्या मिनिटाला टोकं उठली होती, एकामागून एक, सारख्या अंतरानं. असली टोकं तिनं हजारदा पाहिली होती. पावलं. दाराच्या बाजूनं पेटीकडं येणारी, सात, सावकाश. मग काही नाही. मग परत सात, दाराच्या दिशेनं, धडपडत गेल्यासारखी. आणि मग अगदी शेवटपर्यंत एकाच जागी ठोके. थांबून थांबून, दारापाशी.

“वरच्या मजल्यावरचं कुणी असेल,” नकाशेवाला म्हणाला.

“वर मजला नाही. गच्ची आहे.”

“मग गच्चीवर.”

“हो,” ती म्हणाली. “गच्चीवरच.”

शेवटची चार मिनिटं तिनं कापून टाकली. बिघडलेला तुकडा कापायचाच असतो, सगळेच कापतात, त्यात वावगं काही नाही. उरलेल्या स्वच्छ रेघांतून आकडा निघाला तो पाच. तिचा आकडा. ती खुर्चीत मागं रेलली. गुरुवारी तिला या गल्लीवर सही करायची होती. पाच म्हटलं की गल्लीतल्या इमारती मजबूत करायच्या यादीतून वगळल्या जाणार होत्या, आणि आई तिथंच तिसऱ्या मजल्यावर राहणार होती.

दुपारी कामानिमित्त त्याच बाजूला जाणं झालं, म्हणून ती आईकडं डोकावली. खरं म्हणजे काम तसं नव्हतं. आई आत चहा टाकत होती तेवढ्यात आकडाबाई दाराशी उभी राहिली आणि दिव्याखालच्या जागेपर्यंत चालत गेली. मोजत. मग आईला हाक मारून तिलाही चालायला लावलं.

“आता हे काय नवीन?” आई म्हणाली, पण चालली. आईची अकरा पावलं झाली.

तिची स्वतःची सात झाली होती.

५

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तिनं ठरवलं की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. असं ठरवताना ती घाबरलेली नव्हती. चिडलेली होती, स्वतःवरच. इतकी वर्षं आकड्यांत काढली आणि एका फॉर्मानं झोप उडवावी म्हणजे काय?

पावणेअकराला ती पेटी घेऊन आईकडं पोहोचली. “आज घरात कुणीच नको,” तिनं सांगितलं. “परवा रेघा बिघडल्या. तू आणि मी खाली बसू.” हे खरं होतं, निदान सगळं खोटं नव्हतं.

“मग फॉर्म घेऊन येते,” आई म्हणाली. “तू दोन्हींवर फुल्या मारल्यास. आज तुझ्यासमोर कोरा भरते, म्हणजे तुझं समाधान होईल.” तिनं पिशवीत कोरा फॉर्म टाकला, पेन टाकलं, चष्मा टाकला, फोन टाकला. बाकीच्या घरांतली माणसं कामावर, शाळेत गेलेली. जिना रिकामाच होता.

अकरा वाजून दोन मिनिटांनी पेटी सुरू केली, दार लोटून कुलूप लावलं, आणि दोघी खाली येऊन रस्त्यापलीकडच्या मोकळ्या चौकातल्या बाकावर बसल्या. इमारतीपासून चांगल्या लांब. आकडाबाईनं बाक निवडताना अंतर नजरेनं मोजलं होतं, आणि आईच्या ते लक्षात आलं होतं.

सव्वाअकरा झाले. आईनं पायांतल्या चपला काढून पाय उन्हात पसरले. अकरा अठरा. समोरच्या दुकानदारानं फळी पुसली. अकरा एकोणीसला आकडाबाई बाकाच्या कडेवर सरकून बसली आणि तिला स्वतःची शरम वाटली. तिनं मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि सेकंद पाहिले. अकरा वीस. अकरा एकवीस. अकरा पंचवीस.

काही नाही. कुत्रं भुंकलं नाही की पान हललं नाही.

तिच्या छातीवरून एवढं मोठं ओझं उतरलं की ती मोठ्यानं हसली. “बघ! झालं? कुठं गेली तुझी फोनवाली बाई?”

“मला काय विचारतेस? मी निरोप्या,” आई म्हणाली. पण तीही हसत होती. लेकीचं असं हसणं तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. तिनं हात वाढवून लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारले. “फार मनाला लावून घेतेस तू. लहानपणापासून तशीच.”

“गुरुवारी सही करते आणि आपण दोघी कुठंतरी चार दिवस जाऊ,” आकडाबाई म्हणाली. ती उठली. पेटी अकरा बत्तीसला थांबणार होती. नियमानं तोपर्यंत आत पाऊल टाकायचं नसतं. पण आज तिला पंख फुटले होते. शेवटची दोन मिनिटं बिघडली तर बिघडली, कापून टाकता येतात. “तू बस इथंच. मी पेटी घेऊन आलेच.”

तीन मजले ती मुलीसारखी चढली. कुलूप काढलं, आत आली, आणि सवयीनं पाठीमागं हात टाकून दार लोटलं. सात पावलांत ती पेटीपाशी पोहोचली. सावकाश. खोलीत ऊन आलं होतं. पेटीचा हिरवा ठिपका शांतपणे लुकलुकत होता. खाली वाकण्याआधी तिनं सहज समोरच्या भिंतीकडं पाहिलं.

आईच्या घड्याळात अकरा एकोणीस झाले होते.

ती बघत राहिली. आई त्याच्या वेळानं चालते, ते आईच्या. ज्या बाईनं या खोलीत उभं राहून फोनवर वेळ सांगितली असेल, तिनं ती कशावरून सांगितली असेल? सेकंदकाटा वर चढत होता. इतक्या वर्षांत लोकांच्या घड्याळातली वेळ खरी वेळ धरायची चूक तिनं एकदाही केली नव्हती, नवशिक्यांना त्यावरून ती ओरडायची.

काटा बारावर आला. डोक्यावरचा दिवा हलला. आधी एवढासाच, कुणीतरी बोट लावल्यासारखा.

६

फोन वाजला तेव्हा ती दारापाशी होती. धुळीनं समोरचं नीट दिसत नव्हतं. ती किती वेळ दारावर ठोके मारत होती कोण जाणे. हाताची बोटं सोलली होती. ठोके मारायची, थांबायची, ऐकायची, परत मारायची. पायाखाली अजून काहीतरी सरकत होतं आणि थांबत होतं.

“अगं, ऐकू येतंय का?” आईचा आवाज खरखरीतून आला. “लाइन खराब आहे. बरी आहेस ना तू?”

“बरी आहे,” ती म्हणाली. आवाज कापू द्यायचा नाही, एवढं तिनं ठरवलं. “तू बाकावरून उठू नकोस. काही झालं तरी इकडं येऊ नकोस, आई. माझी शपथ आहे तुला.”

पलीकडं आई रडत होती, हे तिला कळलं. मग रडणं थांबलं. कागद उलगडल्याचा आवाज आला. आईनं नाक ओढलं आणि तिच्या नोकरीतल्या, निरोप घेण्याच्या आवाजात विचारलं, “काय काय पडलं? एकेक सांग. मी लिहून घेते.”

आकडाबाईनं डोळे मिटले. हे तर तिचंच शिकवणं. किती घरांत तिनं हे केलं होतं! आणि खरंच, श्वास जरा जागेवर आला.

“घड्याळ पडलं.”

“किती वाजता?”

ते पायाशीच पडलं होतं, काच फुटून. “अकरा वीस.”

“पुढं?”

“कपाट पडलं. दारावर आडवं. दार उघडत नाही. भिंतीला तडे.”

“उभं राहता येत होतं का?”

“नाही.”

“जिना?”

पलीकडून, दाराबाहेरून, जिथं जिना होता तिथून, काहीतरी खाली गेल्याचा लांबलचक आवाज आला. “सांगता येत नाही.”

“घरात किती माणसं?”

“एक,” ती म्हणाली.

पेन थांबलं. खाली रस्त्यावर लोक ओरडत होते, ते आईच्या फोनमधून ऐकू येत होतं. “आणि मी?” आई म्हणाली. तिचा आवाज फाटला. “मी कुठं होते म्हणून लिहू?”

आकडाबाईला त्या क्षणी एकाच गोष्टीचा आनंद झाला, आणि तो इतका मोठा होता की दुसरं काही आत मावेना. इतक्या वर्षांत तिला कुठलंच उत्तर इतकं बरोबर वाटलं नव्हतं.

“तू बाहेर, आई. बाहेरवर खूण कर.”

“केली,” आई म्हणाली. “केली बघ. आता शेवटचा रकाना राहिला. इतर काही सांगायचंय?”

सांगायचं होतं. पुष्कळ सांगायचं होतं. तिनं दाराला पाठ टेकली, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला, आणि नेहमीच्या ठाम आवाजात सुरुवात केली.